वाटाघाटींपूर्वींच्या वाटाघाटी

लग्नाच्या याद्या करावयास दोन्हींकडील मंडळी बैठकीवर जमतात, तेव्हां नवख्या पाहुण्यास वाटतें कीं, सोयरिकीचा निकाल आतां येथें लागावयाचा आहे. वस्तुतः तो केव्हांच लागलेला असतो. कोणी एक मध्यस्थ दोन्ही घरीं चार खेपा घालून आलेला असतो. कोणत्या गोष्टीचा शब्द काढावयाचा आणि कोणत्या गोष्टीचा काढावयाचा नाहीं, हें त्यानें आधींच जुळवून ठेवलेलें असतें. राष्ट्राराष्ट्रांमधील व्यापारविषयक वाटाघाटींची रीत याहून फारशी निराळी नाहीं. वर्तमानपत्रांतून ज्या मोठ्या परिषदेचीं वर्णनें येतात, तिच्यापूर्वीं कित्येक महिने, केव्हां केव्हां कित्येक वर्षें, दुसरीच एक वाटाघाट चाललेली असते. तिला ठरलेली जागा नसते, तिचें इतिवृत्त लिहिलें जात नाहीं, आणि तिचा विषय एकच असतो : पुढें बोलावयाचें तें कशाविषयीं?

हा प्रश्न वरवर किरकोळ वाटतो. परंतु ज्या विषयाचें नांव एकदां कार्यक्रमपत्रिकेवर चढलें, त्या विषयांत प्रत्येक राष्ट्रास कांहीं तरी द्यावें लागतें, किंवा न देण्याचें मोल दुसरीकडे मोजावें लागतें. उलट, जो विषय पत्रिकेंतून वगळला गेला, त्याविषयींची तक्रार कितीहि न्याय्य असली, तरी ती मांडावयास जागाच उरत नाहीं. म्हणून पत्रिका ठरविणें ही वाटाघाटींची पूर्वतयारी नसून त्यांचा अर्धा निकाल असतो. आणि हा अर्धा निकाल बहुधा बंद दाराआड, निवडक मंडळींत लागतो. ही पद्धति आवश्यक कां झाली, ती चालते कशी, आणि तिच्यापासून लहान व मध्यम राष्ट्रांना धोका कोणता, हें समजून घेण्यास १९८२ ते १९८६ या चार वर्षांचा इतिहास फार उपयोगी आहे. उरुग्वे फेरी या नांवानें प्रसिद्ध झालेल्या वाटाघाटी याच काळांत जन्मास आल्या.

प्रथम पार्श्वभूमि. दुसऱ्या महायुद्धानंतर ३० ऑक्टोबर १९४७ रोजीं जिनीव्हा येथें तेवीस राष्ट्रांनीं जकाती व व्यापार यांविषयींच्या एका सर्वसाधारण करारावर सह्या केल्या. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्यास 'गॅट' म्हणत. १ जानेवारी १९४८ पासून तो अंमलांत आला आणि भारत त्याच्या मूळ सभासदांपैकीं एक होता. या कराराखालीं वेळोवेळीं वाटाघाटींच्या फेऱ्या होत व राष्ट्रें आपापल्या जकाती परस्परांसाठीं कमी करीत. १९७९ सालीं टोकियो फेरी संपली, तोंपर्यंत अशा सात फेऱ्या झाल्या होत्या. निर्णय एकमतानें घेण्याची तेथें वहिवाट होती. एकमत म्हणजे सर्वांनीं हात वर करणें नव्हे. हजर असलेल्यांपैकीं कोणींच उघड हरकत घेतली नाहीं, म्हणजे एकमत झालें असें समजत. या वहिवाटीमुळें प्रत्येक राष्ट्राच्या हातीं अडवणुकीचा अधिकार आला, आणि त्यामुळेंच ती हरकत सभेपूर्वीं दूर करण्याची कला आवश्यक होऊन बसली.

त्या कलेचें मर्म असें आहे. औपचारिक सभेंत प्रत्येक शब्द टिपला जातो. प्रतिनिधि समोरच्या राष्ट्राशीं बोलत असल्यासारखा दिसतो, परंतु त्याचा एक कान मायदेशाकडे लागलेला असतो. तेथील शेतकरी, गिरणीमालक, कामगार, विमा कंपन्या व विरोधी पक्ष हे सर्व त्याचें भाषण वाचणार असतात. सभेंत उच्चारलेली सवलत परत घेतां येत नाहीं. म्हणून कोणी ती उच्चारीतच नाहीं. झाकली मूठ सव्वा लाखाची, हेंच धोरण सर्वांचें असल्यामुळें सर्वच मुठी झाकलेल्या राहतात. जेवणाच्या मेजावर मात्र 'समजा, आम्हीं एवढें सोडलें, तर तुम्ही काय सोडाल?' असें विचारतां येतें, आणि उत्तर मनाजोगें न आल्यास प्रश्न विचारलाच नव्हता, असें दोघांनाहि धरून चालतां येतें. याच हेतूनें सही-शिक्का नसलेले मसुदे हातोहात फिरविले जातात. त्यांना 'नॉन-पेपर', म्हणजे कागद नव्हे असा कागद, असेंच नांव पडलें आहे. कधीं सभेचा अध्यक्ष प्रत्येक शिष्टमंडळास एकएकटें बोलावून त्याची खरी गरज व खरी अडचण काढून घेतो; कधीं तो आपल्या विश्वासांतील दोन-चार वकिलांना अशा कामावर धाडतो. वादग्रस्त वाक्यें मसुद्यांत चौकोनी कंसांत घालावयाचीं आणि तडजोड होईल तसतसे कंस काढून टाकावयाचे, ही तर रोजचीच पद्धत होय. वाटाघाट पुढें सरकली कीं मागें, हें जाणते लोक कंस मोजून सांगतात.

आतां १९८२ सालाकडे वळणें योग्य होईल. त्या वर्षाच्या नोव्हेंबरांत गॅटच्या सभासद राष्ट्रांचे मंत्री जिनीव्हा येथें जमले. जगांत मंदी होती आणि बेकारी वाढली होती. अमेरिकेचे व्यापारप्रतिनिधि विल्यम ब्रॉक यांनीं नवे विषय हातीं घेण्याचा आग्रह धरला. त्यांतील मुख्य विषय म्हणजे सेवांचा व्यापार. सेवा म्हणजे ज्यांत माल हातांत पडत नाहीं परंतु पैसा मात्र द्यावा लागतो असे व्यवहार : बँका, विमा, जहाजवाहतूक, तारायंत्रें व दूरध्वनि, हिशेबतपासणी इत्यादि. या धंद्यांत अमेरिकन कंपन्या बलाढ्य होत्या व त्यांना परदेशचीं दारें उघडून हवीं होतीं. शेतीच्या प्रश्नावर युरोपीय राष्ट्रें ढळेनात. सेवांच्या प्रश्नावर भारत, ब्राझील इत्यादि राष्ट्रें ढळेनात. परिषद जवळजवळ फसली. शेवटीं सेवांविषयीं एवढेंच ठरलें कीं, ज्या राष्ट्रांना या विषयांत रस असेल त्यांनीं आपापल्या देशापुरता अभ्यास करावा आणि माहितीची देवाणघेवाण करावी. वाक्य अगदीं निरुपद्रवी होतें. परंतु विषयाला घरांत प्रवेश मिळाला नसला, तरी ओसरी मिळाली.

भारताच्या विरोधाचें कारण केवळ हट्ट नव्हतें. कापड हा भारताच्या निर्यातीचा मोठा विषय होता आणि त्याच विषयांत गॅटचे नियम श्रीमंत राष्ट्रांनीं गुंडाळून ठेवले होते. १९६१ पासून सुती कापडावर आणि १ जानेवारी १९७४ पासून इतर धाग्यांच्या कापडावरहि त्यांनीं देशवार कोटे बसविले होते. मुंबई-अहमदाबादच्या कापडास किंवा तिरुपूरच्या बनियनास परदेशांत गिऱ्हाईक नव्हतें असें नाहीं. ठरलेल्या आंकड्यापलीकडे माल उतरवूं दिला जात नव्हता. भारताचें म्हणणें असें कीं, जुन्या करारांतील वचनें आधीं पाळा, नवे निर्बंध घालूं नका, घातलेले काढा, आणि मग नव्या विषयांचें बोला. दुसरी भीति त्याहून खोल होती. सेवा आणि माल एकाच तागडींत घातल्यास उद्यां कापडाच्या कोट्यांत सवलत मागतांना विमा व बँका उघडण्याची अट पुढें येईल. म्हणजे जें हक्कानें मिळावयाचें तें पुन्हां विकत घ्यावें लागेल. जिनीव्हांतील भारताचे प्रतिनिधि एस्. पी. शुक्ल व ब्राझीलचे पाउलो नोगेरा बातिस्ता यांनीं ही बाजू नेटानें लढविली. त्यांच्याभोंवतीं दहा राष्ट्रांचा एक गट जमला : भारत, ब्राझील, अर्जेंटिना, इजिप्त, युगोस्लाव्हिया, नायजेरिया, टांझानिया, पेरू, क्यूबा व निकाराग्वा.

समोरून दार बंद आहे असें दिसतांच दुसऱ्या वाटांचा शोध सुरू झाला. गॅटचे प्रमुख आर्थर डंकेल हे स्विस गृहस्थ अत्यंत धीराचे व मितभाषी होते. त्यांनीं १९८३ च्या अखेरीस सात नामांकित व्यक्तींची एक मंडळी नेमली. स्विस मध्यवर्ती बँकेचे फ्रिट्झ ल्यूटविलर हे तिचे अध्यक्ष, आणि भारताच्या रिझर्व्ह बँकेचे माजी गव्हर्नर डॉ. आय्. जी. पटेल हे तिचे एक सभासद होते. हीं माणसें आपापल्या सरकारचीं प्रतिनिधि म्हणून बसलीं नव्हतीं. त्यामुळें त्यांना सरकारांना न शोभणाऱ्या खऱ्या गोष्टी बोलतां आल्या. मार्च १९८५ मध्यें त्यांचा अहवाल निघाला व त्यानें नव्या फेरीची शिफारस केली. मे महिन्यांत बॉन येथें सात श्रीमंत राष्ट्रांचे प्रमुख भेटले. फेरी लवकर सुरू व्हावी यावर त्यांचें एकमत झालें. मात्र १९८६ हें साल ठरवून टाकण्यास फ्रान्सनें नकार दिला, म्हणून जाहीर पत्रकांत 'आमच्यापैकीं बहुतेकांच्या मतें' असा शब्दप्रयोग करावा लागला. जून महिन्यांत स्वीडननें कांहीं निवडक देशांच्या व्यापारमंत्र्यांना स्टॉकहोम येथें बोलाविलें. तेथें कोणताहि ठराव व्हावयाचा नव्हता. कोण कोठवर वांकेल, याचा अंदाज मात्र सर्वांना आला.

यानंतर अमेरिकेनें एक निराळा डाव टाकला. सभासदांची खास बैठक बोलवावी काय, यावर जुलै १९८५ मध्यें पत्रद्वारा मतें मागविण्यात आलीं. गॅटच्या घरांत मतदान ही दुर्मीळ गोष्ट. तीमुळें एकमताच्या वहिवाटीस धक्का बसतो. परंतु खास बैठक बोलावण्यास बहुमत पुरेसें होतें आणि तें मिळालें. सप्टेंबरअखेर ती बैठक भरली, आणि नोव्हेंबरांत पूर्वतयारीसाठीं एक समिति नेमण्याचें ठरलें. डंकेल तिचे अध्यक्ष झाले. जानेवारी १९८६ पासून काम सुरू करून जुलैच्या मध्यापर्यंत मंत्र्यांसाठीं एक मसुदा तयार करणें, हें समितीचें काम होतें.

या ठिकाणीं अनौपचारिक मुत्सद्देगिरीचा सर्वांत बोधप्रद भाग येतो. पूर्वतयारी समितीच्या सभागृहांत सहा महिने भाषणें झालीं. दहा राष्ट्रांच्या गटानें आपली बाजू तेथेंच मांडली, कारण इतिवृत्तांत नोंद होणारी व सर्वांना खुली असलेली सभा हीच न्यायाची जागा, अशी त्याची श्रद्धा होती. परंतु मसुदा तेथें घडत नव्हता. कोलंबियाचे वकील फेलिपे हारामियो हे सेवांविषयींच्या माहितीच्या देवाणघेवाणीचे आधींपासूनच सूत्रधार होते. १९८२ च्या त्या निरुपद्रवी वाक्यांतूनच त्यांचें काम निघालें होतें. त्यांच्याभोंवतीं सुमारे वीस विकसनशील राष्ट्रें जमलीं. दुसरीकडे स्वित्झर्लंडचे पियेर-लुई जिरार यांच्या भोंवतीं नऊ लहान औद्योगिक राष्ट्रें एकत्र आलीं. हीं लहान राष्ट्रें श्रीमंत असलीं तरी बलाढ्य नव्हतीं; नियम मोडले तर दांडग्यांच्या भांडणांत आपणच चिरडले जाऊं, ही भीति त्यांना होती. दोन्ही गट एकत्र बसूं लागले. त्यांच्या बैठकी गॅटच्या कचेरींत न होतां युरोपीय मुक्त व्यापार संघाच्या जिनीव्हांतील इमारतींत होत. कोलंबियाची कॉफी आणि स्वित्झर्लंडचें दूध, म्हणून या मेळाव्यास लोक थट्टेनें 'काफे ओ ले', म्हणजे दूध घातलेली कॉफी, म्हणूं लागले. नांव गमतीचें होतें, परंतु काम गमतीचें नव्हतें. एक एक वाक्य घेऊन, तें सर्वांना निदान सोसेल अशा शब्दांत उतरविण्याचें काम तेथें चालें. पुढें अमेरिका, युरोपीय समाज व जपान यांचेहि प्रतिनिधि तेथें येऊं लागले. दहा राष्ट्रांच्या गटाचा मसुदा तत्त्वानें स्वच्छ होता. पण कॉफीच्या मसुद्यामागें चाळीसहून अधिक राष्ट्रें उभीं राहिलीं. जुलै संपला तेव्हां समितीस एक मसुदा ठरवितां आला नाहीं. स्विस-कोलंबियन, दहा राष्ट्रांचा व अर्जेंटिनाचा, असे तीन मसुदे मंत्र्यांपुढें गेले.

याच सुमारास आणखी एक गट आकारास आला. ऑगस्ट १९८६ मध्यें ऑस्ट्रेलियांतील केर्न्स या गांवीं शेतमाल निर्यात करणाऱ्या चौदा राष्ट्रांनीं एकजूट केली. श्रीमंत राष्ट्रें आपल्या शेतकऱ्यांना अर्थसाह्य देऊन जगाच्या बाजारांत माल स्वस्तांत ओततात, ही त्यांची तक्रार होती. या चौदांत ब्राझील व अर्जेंटिना हे दोघेहि होते. म्हणजे दहा राष्ट्रांच्या गटांतील दोन प्रमुख राष्ट्रांना आतां फेरी सुरू व्हावी यांतच स्वतःचा लाभ दिसूं लागला. अनौपचारिक राजकारणांत विरोधकाचा पराभव करण्यापेक्षां त्याला हवी अशी एखादी वस्तु पत्रिकेवर चढविणें अधिक परिणामकारक ठरतें, याचें हें उत्तम उदाहरण होय.

१५ सप्टेंबर १९८६ रोजीं उरुग्वे देशांतील पुंता देल एस्ते या समुद्रकांठच्या गांवीं मंत्री जमले. उरुग्वेचे परराष्ट्रमंत्री एन्रिके इग्लेसियास अध्यक्षस्थानीं होते. भारताच्या शिष्टमंडळाचे पुढारी अर्थमंत्री विश्वनाथ प्रताप सिंग होते. सार्वजनिक भाषणें एकीकडे चालूं ठेवून इग्लेसियास यांनीं खरें काम लहान बैठकींत नेलें, आणि तेथें अमेरिका, युरोपीय समाज, भारत व ब्राझील यांच्यांत सेवांविषयीं तोड निघाली. ती अशी : जाहीरनाम्याचे दोन भाग पाडावयाचे. पहिला भाग मालाच्या व्यापाराचा. तो गॅटच्या सभासदांनीं, सभासद या नात्यानें, स्वीकारावयाचा. दुसरा भाग सेवांचा. तो तेथें जमलेल्या मंत्र्यांनीं, केवळ मंत्री या नात्यानें, स्वीकारावयाचा. शिवाय प्रत्येक देशाच्या कायद्यांमागील धोरणांचा मान राखला जाईल, असें वचनहि दुसऱ्या भागांत घालण्यात आलें. अमेरिकेस विषय मिळाला. भारतास दोन विषयांमध्यें भिंत मिळाली. २० सप्टेंबरास जाहीरनामा मंजूर झाला आणि उरुग्वे फेरी सुरू झाली. सेवांच्या वाटाघाटींचें अध्यक्षपद हारामियो यांच्याकडेच गेलें.

शब्दांच्या या तडजोडींत काय मिळालें आणि काय निसटलें, हें पुढील वर्षांनीं दाखविलें. सेवांच्या बाबतींत भारताची सावधगिरी वांया गेली नाहीं. शेवटीं जो सेवाकरार झाला, त्यांत कोणता धंदा किती उघडावयाचा हें प्रत्येक देशानें स्वतःच्या यादींत लिहावयाचें असें ठरलें. सर्व दारें एकदम उघडण्याची सक्ति झाली नाहीं. पुढें संगणकसेवांच्या निर्यातींत भारतच पुढारला आणि आपल्या कुशल लोकांना परदेशांत जाऊन काम करूं द्या, अशी मागणी तो स्वतः करूं लागला, हा काळाचा विनोद म्हणावयास हवा.

परंतु दुसऱ्या एका विषयांत भिंत बांधावयाची राहून गेली. पेटंट, ग्रंथस्वामित्व व व्यापारी चिन्हें यांविषयींचें कलम जाहीरनाम्याच्या पहिल्याच भागांत बसलें होतें. त्यांत बौद्धिक मालमत्तेच्या व्यापाराशीं संबंधित अंगांचा उल्लेख होता व बनावट मालाचाहि होता. अनेक विकसनशील राष्ट्रांनीं त्याचा अर्थ मुख्यतः बनावट मालास आळा घालणें एवढाच घेतला. सेवांच्या प्रश्नावर सर्वांचें लक्ष खिळलें असतां या ढिल्या वाक्याकडे तितकें लक्ष गेलें नाहीं. एप्रिल १९८९ मध्यें जिनीव्हा येथें फेरीचा मध्यंतरींचा आढावा पुरा झाला, तेव्हां त्याच वाक्याच्या आधारें पेटंटांचे संपूर्ण नियम वाटाघाटींत आले. भारताच्या १९७० च्या पेटंट कायद्यानें औषधाच्या रसायनास पेटंट न देतां तें बनविण्याच्या कृतीसच दिलें होतें. त्यामुळें देशी कारखाने तेंच औषध निराळ्या कृतीनें स्वस्तांत काढूं शकत. नव्या करारामुळें हा कायदा बदलणें भाग पडलें व २००५ पासून औषधांवर उत्पादनपेटंट लागू झालें. एका वाक्याच्या घडणीच्या वेळीं कोण जागा होता आणि कोण नव्हता, याचा परिणाम रुग्णाच्या उशापर्यंत असा पोंचतो.

उरुग्वे फेरी चार वर्षांची ठरली होती. ती सात वर्षांवर चालली. डिसेंबर १९९० मध्यें ब्रुसेल्स येथें ती शेतीच्या प्रश्नावर अडली. डिसेंबर १९९१ मध्यें डंकेल यांनीं सर्व विषयांचा एक अखंड मसुदा स्वतःच्या जबाबदारीवर पुढें ठेवला. 'डंकेल प्रस्ताव' हे शब्द त्या वेळीं महाराष्ट्रांतील खेड्यापाड्यांतहि पोंचले. बियाणें व औषधें यांच्या भवितव्यावर सभा झाल्या. शेजारच्या कर्नाटकांत शेतकऱ्यांच्या संघटनेनें प्रस्तावास कडाडून विरोध केला, तर महाराष्ट्रांत शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेनें, शेतमालाचा बाजार मोकळा होईल या आशेनें, त्याचा पुरस्कार केला. दोन्ही बाजू तळमळीनें बोलत होत्या. परंतु ज्या विषयांवर हा वाद चालला होता, ते विषय पांच-सहा वर्षांपूर्वींच जिनीव्हांतील लहानशा खोल्यांतून पत्रिकेवर चढले होते, आणि त्या वेळीं खेड्यांत त्यांची वार्ताहि नव्हती. १५ एप्रिल १९९४ रोजीं माराकेश येथें सह्या झाल्या, १ जानेवारी १९९५ रोजीं जागतिक व्यापार संघटना अस्तित्वांत आली, आणि कापडाचे कोटे दहा वर्षांत क्रमाक्रमानें उठून १ जानेवारी २००५ रोजीं संपले.

अनौपचारिक मार्ग सोडून दिल्यानें अन्याय टळतो काय? तसेंहि दिसत नाहीं. १९९९ च्या अखेरीस सिएटल येथें नवी फेरी सुरू करावयास मंत्री जमले, तेव्हां पूर्वतयारी कच्ची होती. मसुदा कंसांनीं भरलेला होता. रस्त्यांत निदर्शनें चाललीं होतीं, आणि आंत थोड्या निवडक राष्ट्रांच्या बैठकी चालल्या होत्या. अशा बैठकींना, जिनीव्हांतील प्रमुखांच्या दालनावरून, 'ग्रीन रूम' म्हणतात. आपणांस बाहेर ठेवून ठरविलेल्या गोष्टीस संमति देणार नाहीं, असें आफ्रिकी राष्ट्रांनीं उघड सांगितलें व परिषद मोडली. म्हणजे तयारी नसली तरीहि परिषद फसते, आणि तयारी मूठभरांचीच असली तरीहि फसते.

हा धडा घेऊन पुढची खेप अधिक काळजीनें झाली. २००१ मध्यें ऑगस्टअखेर मेक्सिकोंत व ऑक्टोबरांत सिंगापुरांत कांहीं देशांच्या मंत्र्यांच्या अनौपचारिक भेटी झाल्या, आणि त्या वेळीं संघटनेच्या सर्वसाधारण मंडळाचे अध्यक्ष असलेले हाँगकाँगचे स्टुअर्ट हार्बिन्सन यांनीं स्वतःच्या नांवावर एक मसुदा तयार केला. नोव्हेंबरांत कतारची राजधानी दोहा येथें त्याच मसुद्यावरून नवी फेरी सुरू झाली. भारताचे व्यापारमंत्री मुरासोली मारन अखेरपर्यंत अडून बसले. गुंतवणूक, स्पर्धा, सरकारी खरेदी व व्यापारसुलभता या चार विषयांच्या वाटाघाटी स्पष्ट एकमताशिवाय सुरू होणार नाहींत, असा खुलासा परिषदेच्या अध्यक्षांकडून त्यांनीं मिळविला. 'स्पष्ट' या एका शब्दानें पुढें आपलें काम केलें. २००४ सालीं या चारांपैकीं तीन विषय फेरींतून वगळले गेले. पुंता देल एस्ते येथें जें एका विषयांत साधलें व दुसऱ्यांत निसटलें, तें दोहा येथें वेळींच साधलें. ती फेरी मात्र तडीस गेली नाहीं. २०१५ सालीं नैरोबी येथें ती पुढें चालविण्याच्या बाबतींत मंत्र्यांचें एकमत होऊं शकलें नाहीं.

त्यानंतर प्रश्नानें नवें रूप घेतलें आहे. सर्वांचें एकमत होत नाहीं असें पाहून डिसेंबर २०१७ मध्यें ब्वेनोस आयरेस येथें कांहीं राष्ट्रांच्या गटांनीं संगणकी व्यापार, गुंतवणुकीची सुलभता इत्यादि विषयांवर आपापसांत चर्चा सुरू करण्याचें जाहीर केलें. सर्वांच्या संमतीवांचून सुरू झालेल्या अशा वाटाघाटींचें फळ संघटनेच्या नियमांत बसत नाहीं, असें भारत व दक्षिण आफ्रिका यांनीं २०२१ सालीं लेखी मांडलें. आणि २०२४ सालीं अबू धाबीच्या परिषदेंत गुंतवणुकीचा असा करार संघटनेच्या करारांत सामील करण्यास भारतानें संमति दिली नाहीं. त्यावर, इच्छुक राष्ट्रांनीं पुढें जावयाचें असेल तर इतरांनीं त्यांना कां अडवावें, असें दुसरी बाजू विचारते. वाद तोच आहे : कशाविषयीं बोलावयाचें हें कोणीं ठरवावें?

या सर्व इतिहासावरून दोन गोष्टी दिसतात. पहिली ही कीं, शंभराहून अधिक राष्ट्रांना एकाच सभागृहांत एकाच वेळीं वाक्यें घडवितां येत नाहींत. लहान बैठक ही कपटाची खूण नव्हे, सोयीची गरज आहे. तिचा त्याग करणें म्हणजे वाटाघाटींचाच त्याग करणें. दुसरी ही कीं, ती बैठक न्याय्य राहावयाची तर तींत प्रत्येक प्रकारच्या राष्ट्राचा कोणी तरी विश्वासाचा माणूस असला पाहिजे, तेथें काय बोललें गेलें हें बाहेर थांबलेल्यांना त्याच दिवशीं कळलें पाहिजे, आणि अखेरचा शब्द सर्वांच्या सभेचाच राहिला पाहिजे. १९८६ सालीं दहा राष्ट्रांनीं तत्त्व सोडलें नाहीं हें त्यांचें बळ. लेखणी मात्र दुसऱ्यांच्या हातीं राहूं दिली ही त्यांची उणीव. तत्त्व आणि लेखणी या दोहोंना सारखेंच जपणारें राष्ट्र दुर्बळ असलें तरी सहसा फसत नाहीं.

म्हणून एखाद्या दूरच्या शहरीं चार देशांचे मंत्री सहज जेवावयास जमले, आणि कोणताहि निर्णय झाला नाहीं, अशी चार ओळींची बातमी जेव्हां वर्तमानपत्राच्या आंतल्या पानावर येते, तेव्हां शेतकऱ्यानें, कारखानदारानें व औषध विकत घेणाऱ्या गृहस्थानेंहि ती वगळून पुढें जाऊं नये. मोठ्या परिषदेच्या दिवशीं विचारलेला प्रश्न बहुधा उशिरा विचारलेला असतो. तो विचारण्याची खरी वेळ त्या चार ओळींच्या दिवशींच असते.